भांग, गांजा आणि मळमळ

शिमग्याच्या दिवशीं एकाच घागरींतील भांग चौघांनीं घ्यावी, आणि पहिल्यानें वखवखून पानावर बसावें, दुसऱ्यानें हसत सुटावें, तिसऱ्याचा डोळा लागावा व चौथ्यानें मोरीकडे धांव घ्यावी, हा प्रकार महाराष्ट्रांत कांहीं नवा नाहीं. चौथ्याची प्रकृति नाजूक, एवढें बोलून मंडळी मोकळी होतात. वस्तुतः कोडें याहून मोठें आहे. कारण याच वनस्पतींतील द्रव्य वांति थांबविण्यासाठीं औषध म्हणूनही दिलें जातें.

कर्करोगावरील कित्येक औषधांनीं रोग्यास असह्य ओकाऱ्या होतात. अशा रोग्यांस गांजांतील मुख्य मादक द्रव्य, टीएचसी, पोटांत देऊन पाहिल्याचे व त्यानें पुष्कळांस उतार पडल्याचे प्रयोग अमेरिकेंत १९७५ सालीं प्रसिद्ध झाले. तेंच द्रव्य कृत्रिम रीतीनें बनवून ड्रोनॅबिनॉल या नांवानें विकण्यास तेथें १९८५ सालीं संमति मिळाली. योगायोग असा, कीं त्याच वर्षीं भारतांत अंमली पदार्थांचा कायदा होऊन गांजा व चरस निषिद्ध ठरले. भांगेचें नुसतें पान मात्र त्याच्या व्याख्येंतून सुटलें!

टीएचसीचा परिणाम घडतो तो मज्जातंतूंवरील सीबी-१ नांवाच्या ग्राहकांमुळें. वांतीचें नियमन करणाऱ्या मेंदूच्या भागांत ते आहेत, तसे आंतड्यांतही आहेत. मेंदूंत ओकारीचा निरोप मंदावतो. आंतड्यांत अन्न पुढें सरकण्याची गतिच मंदावते. शिवाय धूर कांहीं मिनिटांत अंगीं लागतो, तर प्यालेली भांग चढावयास अर्धा ते दोन तास लागतात. तेवढा धीर नसलेला नवखा मनुष्य दुसरा पेला रिचवितो आणि फसतो. यकृतांत टीएचसी मोडणारें एक एन्झाइम कांहीं लोकांत जन्मतःच मंद असतें; त्यांच्या शरीरांत तेंच प्रमाण अधिक रेंगाळतें.

परंतु सर्वांत चमत्कारिक हकीकत ऑस्ट्रेलियांतली आहे. ॲडिलेड नगरालगतच्या टेकड्यांच्या मुलुखांतील कांहीं रोग्यांचें वर्णन तेथील डॉक्टरांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलें. वर्षानुवर्षें गांजा ओढणाऱ्या या रोग्यांस वरचेवर ओकाऱ्यांचे झटके येत. त्यांतील बहुतेकांस एक विचित्र नाद लागलेला होता: कढत पाण्यानें पुनःपुन्हां स्नान करावयाचें. तेवढ्यापुरता त्यांस आराम पडे. गांजा सुटला, कीं बहुतेकांची व्याधि जाई. ज्यांनीं तो पुन्हां धरला त्यांस ती पुन्हां गांठी.

ऊन पाण्यानें बरें कां वाटावें? कातडींतील उष्णता ओळखणारा एक ग्राहक मिरचीच्या तिखट द्रव्यानेंही जागा होतो. म्हणून कांहीं इस्पितळांत अशा रोग्याच्या पोटावर त्या द्रव्याचें मलम चोळतात, व कित्येकांस त्यानें उतारही पडतो.

खरी पंचाईत निदानाची. गांजा मळमळीवर गुणकारी, ही ख्याति रोग्याच्या कानीं असते. म्हणून झटका आला, कीं बिचारा आणखी ओढतो. घरच्या वडील माणसांच्या धाकानें तो व्यसन लपवितो. पोटाच्या तपासण्या होत राहतात, दोष सांपडत नाहीं, आणि इकडे शरीरांतील पाणी व क्षार घटून मूत्रपिंडास इजा पोंचूं लागते. गांजा सोडल्यावरही पूर्ण आराम पडण्यास कित्येकदां आठवडे लागतात; तेवढ्यांत उपाय फसला असें समजून रोगी पुन्हां चिलमीकडे वळतो. जाणता डॉक्टर यास्तव व्यसनाच्या चौकशीबरोबर एक साधा प्रश्न घालतो: स्नान दिवसांतून किती वेळां होतें, आणि पाणी किती कढत लागतें?