मुलांची नजर आणि हलत्या वस्तू



पाळण्यावरचं चिमणाळं बाळाला दिसतं का, असं नव्या आया हमखास विचारतात. दिसतं, पण वीत-सव्वा वीत अंतरावर असेल तर. ते हललं की बाळ नजर वळवतं. पहिल्या महिन्यात ही नजर टप्प्याटप्प्यानं उड्या मारत जाते, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सलग सरकू लागते. म्हणून खेळणं हळू फिरवा. तीन-चार महिन्यांचं बाळ हलत्या वस्तूमागे बघत नसेल किंवा डोळ्याच्या बाहुलीत पांढरं दिसत असेल, तर ‘बघेल हळूहळू’ म्हणत बसू नका. लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जा.

हलण्यावरून बाळ काय ओळखतं, याचा एक सुरेख प्रयोग मानसशास्त्रज्ञ फिलिप केलमन आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी 1983 साली प्रसिद्ध केला. काठीचा मधला भाग ठोकळ्यामागे झाकला आणि वरखाली दिसणारी टोकं बरोबरीनं हलवून चार महिन्यांच्या बाळांना दाखवली. बघून बघून बाळं कंटाळली. मग ठोकळा काढून कधी अख्खी काठी दाखवली, कधी दोन तुकडे. अख्ख्या काठीत त्यांना नवल वाटेना. तुकड्यांकडे मात्र ती टक लावून बघत राहिली. म्हणजे मागे काठी अखंड आहे, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं! काठी स्थिर असताना हे घडलं नाही. जे बरोबर हलतं ते एकाच वस्तूचं, हा हिशोब इतक्या लवकर जमतो.

आपल्या देशातल्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये संशोधक पवन सिन्हा यांच्या गटाला असंच दिसलं. जन्मांध असलेल्या काहींना उशिरा दृष्टी मिळाली, तेव्हा एकमेकांवर आलेले आकार त्यांना सुटे करता येईनात. आकार हलवले की जमायचं.

स्थिर रेघांच्या गर्दीतून सलग आकार शोधणं मात्र पाचव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत सुधारत राहतं. लपलेलं चित्र सापडलं नाही म्हणून पहिलीतल्या पोराला रागावू नका.

खरी काळजी रस्त्याची. एकाच वेळी अनेक हलत्या वस्तूंवर लक्ष ठेवणं लहान मुलांना मोठ्यांइतकं जमत नाही. त्यातून समोरून येणारी गाडी डोळ्यांत हळूहळूच मोठी होत जाते. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवेमधल्या 2011 च्या अभ्यासात प्राथमिक शाळेतल्या मुलांना ताशी साधारण 32 किलोमीटरपेक्षा वेगानं येणारी गाडी जवळ येतेय, हे खात्रीनं ओळखता आलं नाही. आपल्याकडे रिक्षासुद्धा याहून जोरात जाते! ‘दोन्हीकडे बघून जा’ हे सांगणं योग्यच, पण पुरेसं नाही. मूल बघतं, तरी चुकतं. आणि आजोबा सोडायला जात असतील, तर अनेक हलत्या वस्तूंवर लक्ष ठेवणं वयानुसार त्यांनाही कमी जमतं. दोघांनी सिग्नलवरूनच रस्ता ओलांडावा.

दहा-अकरा वर्षांपर्यंत रस्ता ओलांडताना मुलाचं मनगट धरा. बोट नव्हे, मनगट.