फळीचा नेटका काप

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



वर्धापनदिनी पाककृती, आरोग्य, मुलांचे संगोपन अशा विषयांवर बोलण्याची आपल्या मंडळाची प्रथा आहे. यंदा चिटणीसबाईंनी मला, ‘तुमच्या पडवीतल्या कामावर बोला,’ असे सांगितले. माझ्या मागच्या पडवीत सुतारकामाची हत्यारे आहेत हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. कुणाला त्याचे कौतुक वाटते, कुणाला हसू येते. दोघींनाही उपयोगी पडेल असा एकच विषय मी निवडला आहे : आठ फूट लांब, चार फूट रुंद अशी विनियर लावलेली फळी घरच्या घरी सरळ आणि बिनचूक कशी कापावी.

हा बायकांचा विषय कसा, असे कुणी विचारील. आपल्याकडे कितीतरी घरांतील पुरुषमाणूस मुंबईस असतो आणि घर बाई सांभाळते. पावसात दार फुगले, मांडणी मोडली, तर सुताराच्या सवडीची वाट पाहायची. चवथ जवळ आली की त्यालाही शंभर घरची बोलावणी. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांना पडल्यापडल्या हात पोचेल असे ठेंगणे कपाट हवे होते. औषध आणि पाण्याचा तांब्या मागायला दर वेळी हाक मारावी लागे आणि त्याचा त्यांना फार संकोच वाटे. सुतार म्हणाला, ‘दिवाळीनंतर बघू.’ त्याचेही खोटे नव्हते. पण आजारी म्हाताऱ्या माणसाने दिवाळीपर्यंत थांबावे, हे कुणी कुणाला सांगावे? ते कपाट मी केले. पुढे तेरा महिने त्यांनी स्वतःच्या हाताने पाणी घेतले. हातात कसब असले की माणसाची लाज राखता येते, एवढेच मला यातून सांगायचे आहे.

आता विनियर म्हणजे काय ते पाहू. चांगल्या लाकडाचा, उदाहरणार्थ सागाचा, धारदार पात्याने काढलेला पातळ पापुद्रा म्हणजे विनियर. तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो आणि प्लायवूडवर चिकटवलेला असतो. इंचभर जाडीच्या सागवानी फळीतून हिशेबाने असे पन्नासएक पापुद्रे निघतात. काहींना ही फसवणूक वाटते. पण १९२२ साली मिसरमध्ये तुतनखामेन राजाचे थडगे सापडले, त्यातल्या राजेशाही सामानावरही असे पापुद्रे बसवलेले आहेत, आणि त्याला तीन हजारांहून अधिक वर्षे झाली. शिवाय १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले. तेव्हापासून आपल्या देशातील प्लायवूड मुख्यतः शेतात लावलेल्या झाडांपासून होते : हरियाणात यमुनानगरकडे पॉप्लर व निलगिरी, केरळात पेरुंबवूरकडे रबराचे झाड. वर सागाचा पापुद्रा आणि आत शेतातले लाकूड, ही काटकसरच होय. आपल्या दमट किनाऱ्यावर मात्र घेताना ‘आयएस ७१०’ ही खूण पाहून घ्यावी. तो प्लाय पाण्याला टिकतो.

एवढ्या पातळ थराची अडचण अशी की काप वाकडा गेला किंवा कडेला चिरफळ्या उडाल्या, तर रंधा मारून सुधारता येत नाही. दोन वेळा रंधा फिरवला की सागाखालचे लाकूड दिसू लागते. भरीव फळी चूक पोटात घालते; विनियर घालत नाही. म्हणून सारी अचूकता करवत चालण्यापूर्वीच साधावी लागते. ते कसे, हे क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट आधाराची. १९ मिलिमीटर जाडीची पूर्ण फळी तीस ते चाळीस किलो भरते. ती एकटीने उचलू नये आणि दोन स्टुलांवर लोंबकळत ठेवून कापू नये. खळ्यात किंवा पडवीत जमिनीवर दोन-दोन इंच उंचीच्या चार रिपा ठेवाव्या. कापायच्या रेघेच्या अलीकडे दोन, पलीकडे दोन, रेघेला समांतर. म्हणजे काप पुरा झाला तरी दोन्ही भाग जागच्या जागी राहतात. आधार नसला की फळी मध्ये वाकते, काप मिटतो, पाते आवळले जाते आणि करवत उसळून अंगावर येते. जमिनीवर बसून काम करण्याची सवय आपल्याला आहेच. आडाळ्यावर बसून सुरमईच्या सारख्या जाडीच्या तुकड्या पाडणाऱ्या हाताला हे अवघड नाही.

दुसरी गोष्ट सरळ पट्टीची. हाताने सरळ कापता येत नाही. करवतीला टेकून चालायला पट्टी लागते. ती सरळ आहे का, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. तिच्या कडेने एक रेघ मारा. मग पट्टी उलटी पालथी करून तीच कड त्याच रेघेला लावा व पुन्हा रेघ मारा. दोन्ही रेघा एक झाल्या तर पट्टी सरळ. मध्ये फट दिसली तर पट्टीचा बाक त्या फटीच्या निम्मा आहे, असे समजावे.

तिसरी गोष्ट मापाची. सगळी मापे एकाच कडेपासून घ्यावी. एकीकडून एक आणि दुसरीकडून दुसरे घेतले की चुका एकमेकींवर चढतात. खूण दोन्ही टोकांना करावी आणि मध्येही करावी. फळी काटकोनात आहे का हे पाहायला दोन्ही कर्ण मोजावे. २४४० गुणिले १२२० मिलिमीटरच्या फळीचा कर्ण २७२८ येतो. पण आकडा थोडा पुढेमागे झाला तरी चालेल, दोन्ही कर्ण सारखे हवेत. कापलेल्या प्रत्येक दाराचीही हीच परीक्षा.

चौथी गोष्ट अशी की करवत लाकूड खाते. ब्लाऊज बेतताना आपण शिलाईसाठी माया ठेवतो, पण ती कापडातच राहते. करवतीची माया भुसा होऊन जाते. पाते तीन मिलिमीटर खात असेल, तर १२२० रुंदीतून ३०५ चे चार कप्पे निघत नाहीत, गुणाकार कितीही बरोबर असला तरी. ३०० चे चार धरले तर बाराशे, आणि तीन कापांचे नऊ, मिळून १२०९. अकरा मिलिमीटर हाती उरतात. म्हणून आधी कागदावर फळीचे चित्र काढून तुकडे बसवावे. शेजारशेजारची दारे शेजारशेजारूनच काढावी आणि सर्वांचा पोत उभा ठेवावा. ब्लाऊजवर नक्षी जुळवतो तसाच लाकडाचा पोत जुळला पाहिजे.

पाचवी गोष्ट चिरफळ्यांची. करवतीचे दात लाकडातून ज्या बाजूने बाहेर पडतात, त्या बाजूला चिरफळ्या उडतात. एवढे लक्षात ठेवले की पुढचे पाठ करावे लागत नाही. विजेच्या गोल पात्याच्या हातकरवतीचे दात खालून वर येतात, म्हणून तिच्यासाठी चांगली बाजू खाली ठेवावी. पुढे ढकलून कापणाऱ्या साध्या करवतीचे दात वरून खाली जातात, तेव्हा चांगली बाजू वर. पाते बारीक दातांचे घ्यावे आणि ते फळीच्या खाली पाच-सहा मिलिमीटरच डोकावेल असे बसवावे. दोन्ही बाजूंना विनियर असेल, तर पट्टी लावून धारदार सुरीने रेघ दोन-तीनदा ओढावी, म्हणजे तंतू आधीच तुटतात. पोताला आडव्या कापात हे विसरू नये.

विजेच्या करवतीसाठी एक साधन घरीच करता येते. सहा मिलिमीटर प्लायची वीतभर रुंद, लांब पट्टी घ्यावी. तिच्यावर एका बाजूला दुसरी सरळ अरुंद पट्टी स्क्रूने बसवावी. करवतीचा तळ या वरच्या पट्टीला टेकवून एकदा टोकापर्यंत चालवली, की खालच्या पट्टीचा फाजील भाग कापला जातो. जी कड उरते, तिला अगदी लागूनच पाते जाते. पुढे ही पट्टी जो तुकडा ठेवायचा त्यावर ठेवून तिची कड रेघेशी जुळवायची, दोन्ही टोकांना क्लॅम्प आवळायचे आणि करवत न थांबता, न रेटता चालवायची. पाते बदलले तर ही पट्टी पुन्हा नव्याने करावी.

आता जिवाची काळजी. पदर खोचलेला, वेणी बांधलेली, बांगड्या काढून ठेवलेल्या असाव्या. पाते हाताळण्यापूर्वी प्लग काढावा. डोळ्यांना चष्मा, नाकातोंडाला चांगला मुखपट्टा. साधा रुमाल पुरत नाही. लाकडाच्या भुशामुळे कर्करोग होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९५ सालीच नोंदवले आहे. काम उघड्यावर करावे आणि लहान मुले खळ्याबाहेर ठेवावी.

कुणी म्हणेल, बाईंनी सुताराच्या पोटावर पाय आणायचे ठरवले. तसे मुळीच नाही. दारे-चौकटी, घराचे छप्पर हे त्याचेच काम, आणि ते त्याच्याशिवाय होणार नाही. पण एक फळी स्वतः कापली की त्याच्या कामातले कष्ट आणि हिशेब समजतो. मग मजुरीत घासाघीस करायला जीभ रेटत नाही आणि ढिसाळ काम पुढे आले तर डोळेझाकही होत नाही.

गावपळणीला तीन दिवस वेशीबाहेर राहुट्या घालताना काठी किती लांब, झाप कुठवर, हे पुरुषांइतकेच आपणही सांगतो. मापाची नजर आपल्याकडे आहे; उणीव आहे ती हत्यारांची. दरेक घरी ती घेणे परवडायचे नाही. म्हणून माझी सूचना अशी : मंडळाने एक चांगली करवत, चार क्लॅम्प, एक गुण्या आणि नऊ फुटांची एक सरळ पट्टी घ्यावी, आणि जसे लग्नकार्याला मंडळाचे टोप-पातेले घरोघर जाते तशी ही हत्यारेही जावी. पहिल्या फळीच्या वेळी मी शेजारी बसेन. ती कापायची मात्र जिची तिने.