लहान दिसणारी माणसं

(मुरुड येथील उन्हाळी व्याख्यानमालेत एका निवृत्त परिचारिकेनं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



मुरुडात बोलायला उभं राहायचं आणि अण्णांचं, म्हणजे महर्षी कर्व्यांचं, नाव घ्यायचं नाही, हे काही जमण्यासारखं नाही. पण त्यांचा पुनर्विवाह, त्यांचं विद्यापीठ हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. मला त्यांची एक फजिती सांगायची आहे. सतरा-अठरा वर्षांचे धोंडो केशव कर्वे इथून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले, परीक्षा द्यायला. तिथल्या साहेबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सांगितलं, तू सतराचा दिसत नाहीस. झालं, आल्या पावली परत. अंगानं किरकोळ, एवढाच गुन्हा.

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, पास होऊन नवी मुलगी रुजू झाली की पहिल्या आठवड्यात मी तिला ही गोष्ट सांगायचे. कारण आमच्याकडचा पहिला धडा तोच. शेजारी-शेजारी दोन बाळं आहेत, दोघांचं वजन दीड किलो. एक ३७ आठवडे पोटात राहिलेलं, पण वारेतून पोषणच नीट पोचलं नाही. दुसरं ३१व्या आठवड्यातच बाहेर आलेलं. काट्यावर दोघं सारखी. पण पहिल्याची साखर उतरेल म्हणून आपण डोळ्यात तेल घालून बसायचं, आणि दुसरं श्वास घ्यायलाच विसरेल म्हणून. वय ओळखायचं कसं? तळपाय बघायचे. भरल्या दिवसांच्या बाळाच्या तळव्यावर रेघा असतात, अपुऱ्या दिवसांचा तळवा गुळगुळीत. कान हलकेच दुमडून सोडला, तर भरल्या दिवसांचा झटकन सरळ होतो, अपुऱ्याचा तसाच पडून राहतो. डॉक्टर याचे रीतसर गुण मांडतात, त्याला बॅलार्ड स्कोअर म्हणतात. पण सिस्टरच्या डोळ्यांनाही ते दिसायला हवं.

आता नव्या मुलीचं बघा. बी.एस्सी.ची चार वर्षं किंवा जीएनएमची तीन करून, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवून ती येते तेव्हा बाविशीच्या आसपासची असते. काचेपलीकडून आई तिला विचारते, "मोठ्या सिस्टर कुठायत?" दिवसातून चारदा विचारते. या कामात येणाऱ्या मुलींनो, हे मनाला लावून घेऊ नका. साताऱ्याचे साहेब सगळीकडे असतात.

शिवाय तिला स्वतःलाही वाटत असतंच, की आपल्याला काही येत नाही. ते बरंच खरं असतं. कॉलेजात एनआयसीयूची पोस्टिंग थोडक्या दिवसांची, त्यातही लांबून बघायची. इथे आल्यावर पहिलं काम हात धुण्याचं. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून कोपरापर्यंत धुवायचे. माझ्या आईला मोकळी मनगटं बघवत नसत. ती शेवटपर्यंत त्यावरून बोलली.

मग आकडे. एक किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं ८० ते ९० मिलिलिटर. चहाच्या छोट्या कपाएवढं. तपासणीला दोन मिलिलिटर काढलं की ते कागदावर लिहून ठेवायचं, कारण दर खेपेला दोन-दोन म्हणता म्हणता कप रिकामा होतो. लघवी मोजायला लंगोटाचं वजन करायचं, एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर धरायचं.

औषधांचं तर विचारूच नका. मी नवी होते तेव्हाची गोष्ट. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. तीन दिवस काम दाखवलं आणि चौथ्या रात्री पाच बाळं माझ्या हवाली केली. एका किलोभराच्या बाळाला जेंटामायसिन द्यायचं होतं, पाच मिलिग्रॅम. कुपीत एका मिलिलिटरला ४० मिलिग्रॅम, म्हणजे भरायचं सुमारे ०.१२ मिलिलिटर. मी भरलं १.२. टिंब एक घर सरकलं, बाकी काही नाही. पलीकडच्या वॉर्डातली वयस्क सिस्टर मीठ-साखरेचं पाणी करायला आली होती, तिनं जाता जाता माझ्या हातातली सिरिंज बघितली आणि म्हणाली, "एवढी मोठी कशाला गं घेतलीस?" तिनंही आकारच बघितला होता, पण या वेळी आकार खरं बोलत होता. तेव्हापासून दुसरीनं बघितल्याशिवाय मी एकही औषध दिलं नाही, तीस वर्षांनंतरही नाही. म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा पगाराबरोबर दोन गोष्टी विचारा: रात्री एका सिस्टरकडे किती बाळं असतात, आणि जुन्या सिस्टरसोबत मला किती आठवडे ठेवाल. पहिल्याच आठवड्यात व्हेंटिलेटरचं बाळ एकटीच्या हाती देणारी जागा असेल, तर पगार कितीही असो, मी तरी जाऊ नका म्हणेन.

मॉनिटर ओरडला की नवी मुलगी मॉनिटरकडे धावते. धावायचं बाळाकडे. छाती हलतेय का, ओठांचा रंग कसा आहे. वीस सेकंद श्वास नसेल तर तो अॅप्निया; बऱ्याचदा पाठ चोळली किंवा तळपायाला टिचकी मारली की बाळ पुन्हा श्वास घेऊ लागतं. मॉनिटरची पायाला लावलेली पट्टीच सुटलेली असते, असंही होतं. ऑक्सिजनचं उलट. आकडा १०० दिसला की घरच्यांना आनंद होतो, आपण मात्र दचकायचं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला बाहेरून ऑक्सिजन चालू असताना ९१ ते ९५ पुरे. १९४०-५०च्या काळात परदेशांत भरमसाट ऑक्सिजन दिल्यानं हजारो बाळांची दृष्टी गेली, तेव्हा जगाला हे कळलं.

आपल्याकडे पाचवीच्या रात्री बायका जागतात. सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणतात. लिहिण्याचं मला माहीत नाही, पण जागण्याची रात्र आपल्या आज्यांनी बरोबर निवडली होती: नवजात बाळांतली जी दगावतात, त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात दगावतात. आमची नाइट ड्यूटी म्हणजे रोजची पाचवी. आणि जागायला फार मोठं शिक्षण लागतं असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्याच बायकांना श्वास मोजायला, वजन करायला, बाळ उबेत ठेवायला शिकवलं. नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांच्या मानानं ६२ टक्क्यांनी उतरल्याचं १९९९मध्ये 'लॅन्सेट'नं छापलं. त्या बायका घरोघर जात. आपण वातानुकूलित खोलीत बसून श्वास मोजायला कंटाळू नये.

पुढचं शिक्षण हवं असेल तर वर्षभर काम केल्यावर नवजात परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. अण्णांच्या एसएनडीटी विद्यापीठाचं नर्सिंग कॉलेजही १९६४पासून मुंबईत आहे, हे मुरुडच्या मुलींना सांगायलाच हवं.

दुधाचं सांगून थांबते. बत्तीस-चौतीस आठवडे होईतो बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ घालता येत नाही, म्हणून नळीनं दूध. आईला दूध कमी असेल तर दूधपेढीतलं; आशियातली पहिली पेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये मुंबईत शीवच्या रुग्णालयात सुरू केली. नळीनंतर वाटी-चमचा किंवा बोंडलं, मग अंगावर. हो, बोंडलंच. तुमच्या माळ्यावर पडलेलं असेल.

आमच्या आई-बाळांच्या खोलीत एकदा दापोलीकडची आजी आली होती. सून बाळाला छातीशी बांधून बसलेली. नवी मुलगी बोंडल्यानं पाजत होती, दूध गालावरून ओघळत होतं. आजीनं तिचा हात धरला. चोच ओठाच्या कोपऱ्याशी टेकवायची, ओतायचं नाही, त्यानं गिळलं की मग पुढचं. पंधरा मिलिलिटरला वीस मिनिटं लागली. बाकीची बाळं खोळंबलेली, म्हणून मी दारातून त्या मुलीला आवाज चढवून बोलवलं. आजीनं मान वळवली नाही. म्हणाली, "बाय, तुला घाई असेल तर तू जा."