तपासणी कुणी करायची?

अमेरिकेत गोळीबार झाल्याची बातमी आली की आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘तिथं कुणालाही बंदूक मिळते का?’ तसं नाही. परवानाधारक दुकानातून बंदूक घ्यायची तर आधी गिऱ्हाइकाची तपासणी होते. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेला, घरच्या माणसाला मारहाण केल्याबद्दल दोषी ठरलेला, मनोरुग्ण म्हणून सक्तीनं रुग्णालयात ठेवला गेलेला, अशांना कायद्यानं बंदूक विकता येत नाही. तपासणी असावी की नसावी, यावर तिथं वाद आहेच. पण तितकाच महत्त्वाचा आणि आपल्यापर्यंत न पोचणारा वाद म्हणजे, ही तपासणी करायची कुणी? गावच्या पोलिसांनी, राज्यानं की केंद्रानं?

मी लोकप्रशासन शिकवतो. ‘केंद्रीकरण बरं की विकेंद्रीकरण?’ हा आमच्या विषयातला जुनाच प्रश्न. पण त्याचं उत्तर चुकलं तर माणसं मरतात, असं उदाहरण विरळा. म्हणून आज त्याविषयी थोडं सांगतो.

१९९३ साली ब्रॅडी कायदा झाला. त्यानुसार पहिली काही वर्षं पिस्तूल घेणाऱ्याची चौकशी स्थानिक पोलीस प्रमुखानं किंवा शेरिफनं करायची होती. माँटाना आणि ॲरिझोना राज्यांतले दोन शेरिफ न्यायालयात गेले. ‘आम्ही स्थानिक अधिकारी, केंद्रानं आम्हाला कामाला का जुंपावं?’ असा त्यांचा सवाल होता. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी तो मान्य केला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९८ मध्ये, एफबीआयची राष्ट्रीय तपासणी यंत्रणा सुरू झाली. तिचं ठाणं वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्ग या गावी आहे. राज्यांना मात्र मुभा राहिली. हवं तर सगळं एफबीआयवर सोपवा, हवं तर स्वतः करा, नाहीतर अर्धं इकडे, अर्धं तिकडे.

अशा अर्ध्या-अर्ध्या राज्यांपैकी एक होतं वॉशिंग्टन. राजधानी नव्हे, सिॲटल शहर ज्यात आहे ते पश्चिम किनाऱ्यावरचं राज्य. आपली कितीतरी मराठी संगणक मंडळी तिथं राहतात. या राज्यात पिस्तूल घेणाऱ्याची तपासणी गावचे पोलीस किंवा काउंटीचा शेरिफ करी, आणि साध्या लांब बंदुकीसाठी दुकानदार थेट एफबीआयला विचारी. एकाच दुकानात, एकाच गिऱ्हाइकासाठी दोन वाटा! २०१९ मध्ये विधिमंडळानं ठरवलं, की हे सारं एका ठिकाणी आणावं का, याचा आधी अभ्यास करावा.

दोन्ही बाजूंना वजन आहे. गावच्या शेरिफला माणूस ठाऊक असतो. अमक्या घरातून रात्री-अपरात्री मदतीसाठी फोन येतात, हे त्याला कागद न पाहता कळतं. उलट, लहान गावच्या चार माणसांच्या ठाण्यात तपासणीसाठी वेगळा माणूस कुठून आणायचा? एका गावी कसून चौकशी आणि शेजारच्या गावी नुसता शिक्का, असं झालं तर कायदा एकच राहिला कुठे? तिसरी शंका बंदूकधारकांची. सगळी नावं एका जागी जमली की उद्या त्यांची यादी होईल, ही ती भीती. केंद्रीय कायद्यानं म्हणूनच अशा नोंदवहीला बंदी आहे आणि मंजूर झालेल्या गिऱ्हाइकाची ओळख एफबीआयला चोवीस तासांत पुसावी लागते.

पण माझ्या मते खरा प्रश्न याच्याही मागे आहे. तीन घटना पाहा. व्हर्जिनियात राज्य पोलिसांची स्वतःची यंत्रणा होती. तिथल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात २००७ साली एका विद्यार्थ्यानं ३२ जणांना मारलं. मृतांत भारतीयही होते. तो स्वतःला धोकादायक आहे, असं २००५ मध्येच न्यायाधिकाऱ्यानं ठरवलं होतं. पण उपचार रुग्णालयाबाहेर घ्यायचे म्हणून ती नोंद यादीत गेलीच नाही. २०१५ साली चार्ल्सटनच्या चर्चमध्ये ९ जण मारले गेले. तिथं तपासणी एफबीआयकडे होती. मारेकऱ्याच्या अटकेचे कागद एका पोलीस खात्याकडे आणि विचारणा झाली दुसरीकडे. कामकाजाचे तीन दिवस उलटले, की उत्तर न येताही दुकानदाराला बंदूक देता येते. ती त्यानं दिली. २०१७ मध्ये टेक्ससच्या सदरलँड स्प्रिंग्जमधल्या चर्चवर हल्ला करणाऱ्याला हवाई दलात असताना कुटुंबीयांना मारहाण केल्याबद्दल शिक्षा झाली होती. हवाई दलानं ती कळवलीच नाही.

खिडकी राज्याची असो की केंद्राची, पलीकडे बसलेल्या माणसाला समोर असेल तेवढंच दिसतं. रुग्णालय, कनिष्ठ न्यायालय, पोलीस ठाणं यांनी कागद वेळेवर पाठवला नाही, तर मोठ्यातला मोठा संगणकही ‘हरकत नाही’ असंच सांगणार.

वॉशिंग्टन राज्यानं २०२० मध्ये केंद्रीकरणाचा कायदा केला आणि जानेवारी २०२४ पासून सगळ्या तपासण्या राज्य पोलिसांच्या एकाच विभागाकडे आल्या. त्यासाठी सुरुवातीला १८ डॉलर शुल्क ठेवण्यात आलं. त्याच दिवसापासून आणखी एक नियम लागू झाला. अर्जानंतर कामकाजाचे दहा दिवस उलटायला हवेत, आणि तपासणीचं उत्तर हाती आल्याशिवाय बंदूक द्यायची नाही. चार्ल्सटनची वाट तिथं अशी बंद झाली.

मला या राज्याचा क्रम आवडतो. आधी अभ्यास, मग कायदा, मग तयारीला तीन-साडेतीन वर्षं. खिडकी एक करणं त्यातल्या त्यात सोपं. त्या खिडकीपर्यंत शेकडो कचेऱ्यांतून रोजच्या रोज कागद पोचवणं अवघड, आणि ते काम संपणारं नाही. तिथल्या एखाद्या लिपिकानं संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी केलेली नोंद कुणाचा तरी जीव वाचवते. ती त्याला कधी कळत नाही, आणि आपल्यालाही नाही.