पस्तीस दिवस थांबायचं
(प्रभागसंघाच्या सभेत एका पशुसखीने केलेले भाषण. बोलले तसेच, थोडे आवरून छापत आहोत.)



मला दहा मिनिटं दिलीत आणि मस्कोव्ही बदकांवर बोल म्हणालात. तुमच्यातल्या बहुतेकींच्या सांदवाडीत कोंबड्या आहेत. साधी बदकं थोड्याजणींकडे आहेत, आणि मस्कोव्ही तर बोटावर मोजण्याइतक्या घरी. तोंडावर लाल, मसांसारखी कातडी असते, तेच हे बदक. पोरं बघून घाबरतात. नाव मॉस्कोचं वाटतं, पण पक्षी मूळचा मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडचा. हा साध्या बदकासारखा कलकलाट करत नाही. नर फुसफुसतो, मादी हळू गुणगुणते. शेजारणीशी भांडण होत नाही, हा पहिला फायदा.

आता माझी चूक सांगते. तुम्ही ती करू नये म्हणून तर इथं उभी आहे.

मी गटातून 6,000 रुपये उचलले. एक नर आणि चार माद्या आणल्या, थोडं खुराड्याला लागलं. पहिली मादी चौदा अंड्यांवर खुडूक बसली. साध्या बदकाचं पिल्लू 28 दिवसांत निघतं, एवढंच मी ऐकलं होतं. अठ्ठाविसावा दिवस गेला, तिसावा गेला, काही हालचाल नाही. घरात सगळे म्हणाले, अंडी सडली, वास सुटायच्या आत टाक. एकतिसाव्या दिवशी सकाळी मादीला हुसकून मी अंडी खताच्या खड्ड्यावर ओतली. दोन-तीन फुटली. एकात पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं आणि त्याची चोच हलत होती. मी तिथंच खाली बसले. मग उरलेली अंडी पदरात घेऊन पुन्हा मादीखाली ठेवली. चौदातली चार पिल्लं निघाली, पस्तिसाव्या दिवशी. त्या महिन्याचा हप्ता मी धान लावणीच्या मजुरीतून भरला आणि गटात कारण सांगितलं नाही. आज सांगते आहे.

तर कोंबडीचे 21, साध्या बदकाचे 28 आणि मस्कोव्हीचे 35 दिवस. कॅलेंडरवर खूण करा. दहाव्या दिवशी रात्री अंडं बॅटरीच्या उजेडासमोर धरा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे, नुसतं साफ दिसलं तर ते अंडं काढा. मग पस्तीस दिवस होईपर्यंत मादीला तिचं काम करू द्या. आपल्यापेक्षा तिला जास्त कळतं. कोंबडीखाली ही अंडी बसवता येतात, पण ती एकवीस दिवसांची सवय असलेली बाई, मधेच उठून जाते.

तळं लागतं का, असं सगळ्या विचारतात. नाही लागत. पाण्याचं भांडं मात्र एवढं खोल हवं की चोच नाकपुड्यांसकट बुडेल, नाहीतर नाकडोळे चिकटतात. आईशिवाय वाढवलेल्या पिल्लांना पहिले काही आठवडे पोहायला सोडू नका. पंखांना तेल मिळालेलं नसतं, भिजून गारठून मरतात. कोंडा, कनकी, हिरवा पाला, गोगलगाय, माश्या सगळं चालतं. एक गोष्ट कधीच नाही, ती म्हणजे बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड किंवा मका. कोंबडी कदाचित निभावेल, पण बदकाचं पिल्लू त्या विषानं पटकन जातं. स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका.

या माद्या उडतात, घराच्या कवेलूवर जाऊन बसतात. एकाच पंखाची लांब पिसं कापा, तोल जातो आणि उडणं थांबतं. नवीन पिसांत रक्त असतं, ती कापू नका. पकडताना नखं सांभाळा, माझ्या हाताला अजून ओरखडा आहे.

आता रंग. मूळ रंग काळा, हिरवी झाक, पंखावर पांढरा पट्टा. शिवाय पांढरा, चॉकलेटी आणि निळा म्हणजे खरं तर राखी. 'अस्सल निळी जोडी, पिल्लंही निळीच निघतील' असं सांगून मला एकानं जास्त पैशात जोडी दिली. निळ्याला निळा लावला तर साधारण निम्मी पिल्लं निळी, पाव काळी आणि पाव अगदी फिकट चंदेरी निघतात. विकणाऱ्याला ते माहीत नसेल, किंवा असेलही. निळी पिल्लं हवीत तर चंदेरी नराला काळी मादी लावा, सगळी निळी येतात.

चॉकलेटीची गंमत वेगळी. नर चॉकलेटी आणि मादी काळी असेल तर त्यांच्या सगळ्या मुली चॉकलेटी आणि सगळे मुलगे काळे. अंड्यातून निघालं की लव बघूनच नर-मादी कळतं. उलट जोडी लावली, नर काळा आणि मादी चॉकलेटी, तर हा हिशेब जमत नाही. पांढऱ्या पक्ष्यातही नाही, कारण पांढऱ्याखाली मूळ रंग झाकलेला असतो. मला हे कळल्यापासून मी नर लवकर विकते आणि माद्या ठेवते. नर साडेचार-पाच किलो भरतो, मादी त्याच्या जवळपास निम्मी, म्हणून कोण काय आहे हे आधी कळलं की दाण्याचा खर्च वाचतो.

दर दोन वर्षांनी नर बदला, आणि तो दुसऱ्या गावचा आणा. आमच्या गावातली सगळी बदकं एकाच नराची झाली होती, तेव्हा अंडी फळायची कमी झाली. साध्या बदकाशी मेळ झाला तर पिल्लं होतात, मांसाला चांगली, पण त्यांची पुढची पिढी होत नाही. ती जात राखायला ठेवू नका.

पक्षी एकाएकी मरायला लागले तर झाकू नका. 2006 साली बर्ड फ्लू आपल्याच राज्यात नवापूरला आला होता. बदक आजारी न दिसताही रोग नेऊ शकतं. मेलेल्या पक्ष्याला हात न लावता दवाखान्यात कळवा. डक प्लेगच्या लशीचंही तिथंच विचारा.

बदकांच्या कर्जासाठी चार अर्ज आलेत असं ऐकलं. त्या चौघींना मी एकच विचारणार आहे, विकणार कुणाला? आपल्याकडे घरोघरी कोंबडी खातात, बदक नाही. माझी दोन गिऱ्हाईकं ढाब्यावरची आहेत आणि बाकी पिल्लं घेणारे. आधी गिऱ्हाईक शोधा, मग पाचच पक्ष्यांनी सुरुवात करा. पंचवीस आणू नका.

माझ्याकडे सध्या दोन माद्या बसल्यात. एकीचा पस्तिसावा दिवस येत्या गुरुवारी आहे. बघायला या, फक्त दारात पाय धुवून आत या, आणि मोठ्यानं बोलू नका.