हिमोग्लोबिन कमी आहे, पण का?

(कोलाड येथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. मग रक्तक्षयावर हा काय बोलणार, असं तुमच्या मनात आलं असेल. मी बोलतोय तो अम्मीचा मुलगा म्हणून.

आमच्या घरात कित्येक वर्षं एक वाक्य होतं, 'अम्मीला अशक्तपणा आहे.' एसटीची पायरी चढली की तिला धाप लागायची. दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासायचे, 8 निघायचं. लोहाच्या गोळ्या मिळायच्या. दोन-तीन महिन्यांत आकडा 10 वर जायचा, गोळ्या संपल्या की पुन्हा 8. माझ्या कामात असं चाललं असतं तर मी गप्प बसलो नसतो. सर्व्हर रोज रात्री बंद पडतोय आणि सकाळी कुणीतरी नुसता चालू करून जातोय, याला आम्ही दुरुस्ती म्हणत नाही. घरात मात्र आम्ही वर्षानुवर्षं तेच केलं.

एकदा फुफीची मुलगी आली होती. ती नर्सिंग शिकत होती. तिने सहज विचारलं, "मामी, महिन्याचे दिवस किती असतात?" अम्मीने माझ्याकडे बघितलं. मी उठून बाहेर गेलो. नंतर कळलं, नऊ-नऊ दिवस रक्त जात होतं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली. तिच्यावर उपचार झाले आणि त्यानंतर हिमोग्लोबिन 12 च्या खाली आलेलं नाही. इतक्या वर्षांत तो एक प्रश्न कुणीच विचारला नव्हता. दवाखान्यात नाही आणि घरातही नाही.

म्हणून आज एवढंच सांगायचं आहे. रक्तक्षय हे आजाराचं नाव समजून थांबू नका. तापासारखं ते लक्षण आहे, कारण पुढे शोधायचं असतं.

आधी आकडे बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने हिमोग्लोबिन बाईचं 12, गरोदर बाईचं 11 आणि पुरुषाचं 13 ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायकांना तो आढळला. निम्म्याहून जास्त. म्हणूनच आपल्याला तो 'असायचाच' वाटतो.

चांगला डॉक्टर कारण कसं शोधतो? त्याच्या डोक्यात तीन वाटा असतात. रक्त कुठून तरी जातंय का? शरीरात ते नीट तयार होत नाही का? की तयार झालेल्या पेशी वेळेआधी फुटतायत?

पहिली तपासणी प्रश्नांची. पाळी किती दिवस, बाळंतपणं किती आणि किती अंतराने, शौचातून रक्त किंवा काळी शी, मूळव्याध, रोजच्या दुखण्याच्या गोळ्या, जेवणात काय, शेतात अनवाणी काम होतं का. शेवटचा प्रश्न आपल्या भातशेतीच्या मुलखात महत्त्वाचा आहे. अंकुशकृमी ओल्या मातीतून पायाच्या कातडीतून आत शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. मग डॉक्टर डोळ्याची खालची पापणी, जीभ, नखं बघतो, पोटात प्लीहा वाढली आहे का ते चाचपतो.

त्यानंतर सीबीसी. या रिपोर्टवर आपण फक्त हिमोग्लोबिन वाचतो. त्याच्याच खाली 'एमसीव्ही' लिहिलेलं असतं, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. साधारण 80 ते 100 असावं. 80 च्या खाली असेल तर पेशी लहान. बहुतेक वेळा लोहाची कमतरता, कधी थॅलेसेमिया. 100 च्या वर असेल तर पेशी मोठ्या. बी-12 किंवा फोलिक अ‍ॅसिड कमी असल्याचा संशय घ्यायचा. आकार नेहमीचा असूनही रक्त कमी असेल तर मूत्रपिंडाचा किंवा जुनाट आजार, नुकताच झालेला रक्तस्राव बघायचा. लोहाचा साठा 'फेरिटिन'वरून कळतो, पण अंगात जंतुसंसर्ग असेल तर तो आकडा खोटा वाढलेला दिसतो.

थॅलेसेमियाबद्दल लग्नाच्या वयातल्यांनी नीट ऐका. थॅलेसेमिया मायनर असलेला माणूस धडधाकट असतो. पेशी लहान असतात म्हणून त्याला लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि काही फरक पडत नाही. नवरा-बायको दोघेही मायनर असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल मेजर होण्याची शक्यता 25 टक्के असते, आणि अशा मुलाला आयुष्यभर रक्त चढवावं लागतं. आपल्याकडे चुलत-मामे नात्यात लग्नं होतात, तिथे दोघेही मायनर निघण्याची शक्यता वाढते. एचपीएलसी नावाची रक्ताची एक तपासणी लग्नाआधी करून घ्या.

'का' विचारल्याने काय होतं, याचा मोठा दाखला मुंबईतलाच आहे. 1928 साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या एका घातक रक्तक्षयाचा त्या अभ्यास करत होत्या. त्यांनी रक्ताबरोबर ताटही तपासलं. कुठल्या समाजातल्या, कुठल्या थरातल्या बायका काय खातात ते नोंदवलं. सर्वांत निकृष्ट जेवण आणि हा रक्तक्षय सर्वांत जास्त, हे दोन्ही त्यांना गरीब मुस्लिम बायकांमध्ये आढळलं. त्या वेळी याला नशीब म्हणणारे पुष्कळ असतील. विल्सबाईंनी अन्नातली उणीव शोधली. यीस्टपासून केलेल्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने त्या बायका बऱ्या होऊ लागल्या. 1931 मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढे कळलं की मार्माइटमधला तो घटक म्हणजे फोलिक अ‍ॅसिड. आज प्रत्येक गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात लोहाबरोबर मिळतं, तेच.

मी गोळ्यांच्या विरोधात बोलतोय असं समजू नका. डॉक्टरांनी दिल्या असतील तर घ्या. चहाबरोबर मात्र नको, चहा लोह शोषू देत नाही. लिंबाचं सरबत चालेल. हिमोग्लोबिन भरलं तरी साठा भरायला आणखी सुमारे तीन महिने घ्याव्या लागतात. गोळ्यांनी शी काळी होते, त्याला घाबरू नका. गोळ्या चालू नसताना काळी झाली तर मात्र लगेच दाखवा. पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या बाईला लोहाची कमतरता निघाली, तर पोट-आतड्याची तपासणी झाल्याशिवाय समाधान मानू नका. तिथे अल्सर किंवा कॅन्सरही लपलेला असू शकतो.

मुलींनो, पाळीचे दिवस मोजा, लिहून ठेवा, डॉक्टरांसमोर लाजू नका. मुलांनो, मी त्या दिवशी उठून बाहेर गेलो ते ठीकच झालं, अम्मी मोकळेपणाने बोलली. पण मी तिला बाई-डॉक्टरकडे वर्षांपूर्वीच नेऊ शकलो असतो, सुट्टी काढून सोबत बसू शकलो असतो. ते राहिलं.

आज घरी गेल्यावर कपाटातली जुनी फाइल काढा. अम्मीचा, बहिणीचा, बायकोचा रिपोर्ट शोधा, एमसीव्ही बघा. आकडा बिघडलेला असेल तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि आदबीने विचारा, "डॉक्टर, कमी आहे ते कळलं. का कमी आहे?"