पाठीशी उभे असलेले दहा जण



आत्ता तुमच्या नाटकात अफजलखान पडला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मात्र मागे भाले धरून उभ्या असलेल्या मुलांना बघत होतो. बिचाऱ्यांना एक वाक्य नव्हतं! म्हणून आज त्यांच्याबद्दलच बोलतो.

10 नोव्हेंबर 1659. प्रतापगडाखाली शिवाजी महाराज आणि अफजलखानाची भेट. दोन्हीकडचे दहा-दहा अंगरक्षक बाणाच्या टप्प्यावर थांबतील, असं ठरलं होतं. महाराजांचे दहा कोण, ते ‘शिवभारत’ या काव्यात नोंदलेलं आहे. संभाजी कावजी, येसाजी कंक, कोंडाजी कंक, जिवा महाला, सिद्दी इब्राहिम... नावं नीट ऐका. त्यात मावळातले गडी आहेत, नाभिक समाज अभिमानाने आपला म्हणतो तो जिवा आहे आणि एक मुसलमानही आहे. खानाचा अंगरक्षक सय्यद बंडा महाराजांवर वार करायला धावला, तेव्हा जिवाने त्याला वरच्यावर अडवून कापलं. जखमी खानाला पालखीतून नेणाऱ्या भोयांना संभाजी कावजीने गाठलं. त्या घटकेला कुणाची जात विचारायला सवड कुणाला होती?

आता दिल्लीत या. राष्ट्रपतींचं अंगरक्षक दल 1773 साली वॉरन हेस्टिंग्जने बनारसला उभं केलं. आपल्या सैन्यातली ही सर्वांत जुनी घोडदळाची तुकडी. 26 जानेवारीला टीव्हीवर त्यांचे फेटे आणि उमदे घोडे दिसतात, त्यामुळे हे शोभेचं काम वाटतं. पण हे जवान पॅराट्रूपर असतात, चिलखती गाड्या चालवतात. 1962 च्या युद्धात ते चुशूलला होते, पुढे सियाचीनलाही गेले. 2022 मध्ये त्यांचा ‘विराट’ नावाचा घोडा निवृत्त झाला, तेव्हा राष्ट्रपती आणि पंतप्रधान दोघांनी त्याला थोपटून निरोप दिला.

एक गोष्ट मला खटकते. या दलात जवान वर्षानुवर्षं मुख्यतः जाट, राजपूत आणि जाट शीख समाजांतून घेत आले आहेत. त्यावरून खटला झाला, तेव्हा उंची आणि रुबाब सारखा दिसावा लागतो, अशी बाजू लष्कराने मांडली. संचलनापुरतं ते ठीक असेल. पण प्रतापगडावर हा नियम असता, तर जिवा घरीच राहिला असता.

इथे नौदलाच्या वसाहतीतली मुलं असतील, त्यांनी वर्दी घरातच पाहिलीय. बाकीच्यांसाठी सांगतो, सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या एनडीएचा अर्ज बारावीत असतानाच भरता येतो. तिथे जात विचारत नाहीत, गणित विचारतात. 2022 पासून मुलींनाही प्रवेश आहे आणि मे 2025 मध्ये 17 मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. तेव्हा मुलींनो, फॉर्मची तारीख बघून ठेवा.

सूत्रसंचालकबाई घड्याळ दाखवताहेत. बक्षिसं वाटायची आहेत अजून. चला, पहिलं नाव घ्या.